झबल्यापासून फॉल-पिकोपर्यंत

परोपकाराच्या हेतूने ठरलेल्या वारी, ठरलेल्या ठिकाणी जमून गरजूंसाठी कपडे शिवणाऱ्या स्त्रियांच्या गटाला ‘शिवणमंडळ’ म्हणावे, अशी या संस्थेची व्याख्या करता येईल. या व्याख्येत चहाचा उल्लेख नसल्यामुळे ती अपुरी आहे, आणि बैठकीला न आलेल्या सदस्येविषयी होणाऱ्या सविस्तर विचारविनिमयाचा उल्लेख नसल्यामुळे ती काहीशी भाबडीही आहे; तथापि पुरुषांच्या बैठकीत हाच विचारविनिमय झाला की त्याला राजकीय घडामोडींचा आढावा म्हणण्याची पद्धत असल्याने, केवळ या कारणावरून शिवणमंडळाला इतिहासाच्या कक्षेबाहेर ठेवता येत नाही. प्रत्यक्षात मात्र ते बाहेरच राहिले आहे. महाराष्ट्रातील समाजसुधारणेच्या इतिहासात सभा, व्याख्याने, वृत्तपत्रे आणि त्या वृत्तपत्रांतून एकमेकांवर झालेली चिखलफेक यांची तारीखवार नोंद सापडते, पण त्याच काळात किती झबली शिवली गेली, त्यांतली किती बाळांच्या डोक्यातून सुखरूप खाली उतरली आणि किती कानाशी अडकली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. या अनास्थेला एक वस्तुनिष्ठ कारणही आहे. भाषण छापले की टिकते, कपडा मात्र वापरला की विरतो, आणि जो विरला नाही तो बहुधा कोणी अंगात घातलेलाच नसतो. त्यामुळे शिवणमंडळाच्या यशाचा पुरावा नष्ट होतो, अपयशाचा तेवढा ट्रंकेच्या तळाशी शिल्लक राहतो, आणि संशोधकाच्या हाती ट्रंकच लागते.

या संस्थेचे मूळ शोधू लागल्यास बायबलच्या नव्या करारापर्यंत जावे लागते. त्यातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात यापो, म्हणजे आजच्या जाफा, या बंदरात राहणाऱ्या तबिथा ऊर्फ डॉर्कस नावाच्या स्त्रीची हकीकत आहे. ती विधवांसाठी अंगरखे व वस्त्रे शिवीत असे. ती वारल्यावर त्या विधवांनी रडत रडत ते कपडे संत पेत्राला दाखवले आणि पेत्राने तिला पुन्हा जिवंत केले. लाभार्थ्यांनी मिळालेल्या कपड्यांविषयी मनापासून समाधान व्यक्त केल्याची ही पहिली, आणि पुढे बराच काळ एकमेव म्हणावी अशी, लेखी नोंद होय. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत गावोगावी जी स्त्रियांची शिवणमंडळे निघाली त्यांतल्या अनेकांनी ‘डॉर्कस सोसायटी’ हेच नाव घेतले, मात्र लाभार्थ्यांना कपडे दाखवायला बोलावण्याची प्रथा त्यांनी फारशी पुढे चालवलेली दिसत नाही.

विलायती शिवणमंडळाचा कारभार कसा चाले याची कल्पना तत्कालीन कादंबऱ्यांवरून येते. शार्लट ब्राँटीच्या 1849 सालच्या ‘शर्ली’ या कादंबरीत एका फिरत्या टोपलीचे वर्णन आहे. ही टोपली चर्चच्या हद्दीतील घराघरांतून महिना-महिना मुक्काम करी, आणि जिच्या घरी ती असेल त्या बाईने हाताने केलेल्या टाचणीगाद्या, बाळमोजे, पाकिटे अशा वस्तूंची तीत भर घालून, त्या वस्तू घरी येणाऱ्या पुरुषांच्या गळ्यात अवाच्या सवा भावाने मारायच्या, असा नियम होता. मिळालेला पैसा धर्मकार्याला जाई. टोपली घरात आहे असे कळल्यावर भेटीगाठी पुढच्या महिन्यावर ढकलणारे पुरुष त्या काळीही असणार, याविषयी पुराव्याची गरज नाही. चार्ल्स डिकन्सने त्याच्याही आधी, 1836-37 मधल्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये, वेस्ट इंडीजमधल्या कृष्णवर्णीय बालकांना फ्लॅनेलच्या बंड्या आणि बोधपर हातरुमाल पुरवणाऱ्या संस्थेची टर उडवली होती. फ्लॅनेल हे लोकरी वस्त्र असून वेस्ट इंडीज हा प्रदेश उष्ण कटिबंधात येतो, एवढी माहिती दिली की या विनोदाला तळटीप लागत नाही. दान देणाऱ्याने स्वतःच्या गावची थंडी गृहीत धरून दुसऱ्याच्या गावी कपडे पाठवणे हा या क्षेत्रातील मूलभूत दोष असून, तो पुढेही अनेकदा भेटतो.

महाराष्ट्रात ही संस्था आली तेव्हा तिच्यापुढे वेगळ्याच अडचणी उभ्या राहिल्या. पहिली अशी की, येथील बहुतांश वेशभूषेत शिवण्यासारखे फारसे काही नव्हते. लुगडे, धोतर, उपरणे, पंचा ही सर्व मागावरून उतरली की थेट अंगावर चढणारी वस्त्रे. शिवणाचा प्रवेश चोळी, बाराबंदी, अंगरखा आणि लहान मुलांची झबली-टोपडी एवढ्यापुरता मर्यादित होता. शिवाय सोवळ्यात, म्हणजे पूजा व स्वयंपाक करताना पाळायच्या शुचितेत, शिवलेले वस्त्र चालत नसे, त्यामुळे सुई लागली की कापडाची आध्यात्मिक पत एक पायरी खाली येई. दुसरी अडचण अशी की, कपडे शिवणे हा शिंपी समाजाचा व्यवसाय होता आणि तो मुख्यतः पुरुषांच्या हाती होता. संत नामदेव याच समाजातले. घरातल्या बायकांनी वाकळ किंवा गोधडी, म्हणजे जुन्या कपड्यांचे थर एकमेकांवर ठेवून धावदोऱ्याने शिवलेले पांघरूण, शिवावे यात कोणाला काही गैर वाटत नसे, कारण ते घरातल्या घरात राही आणि त्याला पैसे पडत नसत. परंतु ‘चांगल्या घरच्या’ बाईने मापे घेऊन, कापड बेतून, परक्यासाठी कपडा शिवणे म्हणजे एकाच वेळी जात, घराणे आणि शिंप्याचा रोजगार या तिन्हींवर कात्री चालवणे होते. यामुळे जगात इतरत्र निरुपद्रवी समजले गेलेले शिवणमंडळ येथे काही काळ क्रांतिकारक ठरले. हे या मंडळांतल्या स्त्रियांच्या फार लवकर लक्षात आले होते. त्यांनी ते बोलून मात्र दाखवले नाही, कारण तसे केले असते तर दुसऱ्या दिवशीपासून बैठकीला जाण्याची परवानगी मिळाली नसती.

परवानगीचा मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. पुस्तक घेऊन घराबाहेर पडणाऱ्या स्त्रीला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुण्यात काय ऐकून घ्यावे लागे, याचे तपशील रमाबाई रानडे यांच्या 1910 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या आत्मचरित्रात आहेत; न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या पतीचा पाठिंबा असूनही घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांच्या वाचनावर दीर्घकाळ नाराजीचा पहारा ठेवला होता. हातात पुस्तकाऐवजी सुई असली की हा पहारा ढिला पडे. शिवणकाम उपयोगी असते, ते खाली मान घालून करायचे असते, आणि करताना बाई विचार करीत आहे असा संशय येत नाही. एकोणिसाव्या शतकात मुलींच्या शाळांतून शिवणाचा तास ठेवण्यामागे हीच व्यवहारदृष्टी होती: भूगोल शिकवल्याबद्दल पालक रागावले, तर शिवण दाखवून त्यांची समजूत घालता येई.

रमाबाई रानडे यांनी 1890 च्या दशकात मुंबईत हिंदू स्त्रियांचा एक सामाजिक व वाङ्मयीन क्लब सुरू केला आणि त्यात भाषा व सामान्यज्ञान यांच्या जोडीला शिवण आणि हस्तकलेचे वर्ग चालवले. 1901 साली न्यायमूर्तींचे निधन झाल्यावर त्या पुण्याला गेल्या; 1904 मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्षपदी त्या होत्या. पुढे 1908 साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले तेव्हा त्याच्या पहिल्या अध्यक्षा म्हणून त्यांचीच निवड झाली, आणि 1909 साली गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात स्वतःच्या राहत्या वाड्यात सेवासदन सुरू केले. येथे शिवणमंडळाच्या इतिहासातील सर्वांत मोठे वळण येते, आणि ते इतके शांतपणे येते की बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. डॉर्कसच्या परंपरेत सुई दात्याच्या हातात आणि कपडा गरजूच्या अंगावर, अशी विभागणी होती. सेवासदनाने सुईच गरजूच्या हातात दिली. विधवा, परित्यक्ता किंवा गरीब घरची स्त्री ही कपडे घेण्यासाठी हात पुढे करणारी लाभार्थी न राहता कपडे शिवून विकणारी कारागीर व्हावी, हा विचार त्यामागे होता आणि तो उघडच अधिक शहाणपणाचा होता. मात्र त्यामुळे एक प्रश्न निर्माण झाला, ज्याचे समाधानकारक उत्तर पुढील शंभर वर्षांत सापडलेले नाही: गरजू स्त्रीच शिवू लागल्यावर परोपकारी स्त्रीने हातांचे काय करायचे?

याच्याही आधी पंडिता रमाबाईंच्या कामाला आलेली मदत हा या प्रश्नाचा एक परदेशी नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे. 1889 साली मुंबईत शारदासदन उघडण्यापूर्वी त्या अमेरिकेत फिरल्या होत्या, आणि त्यांच्या कामासाठी तिकडच्या गावागावांतून ‘रमाबाई सर्कल’ या नावाची मंडळे निघाली होती. सदस्यांनी दहा वर्षे ठरावीक वर्गणी द्यायची, असा त्यांचा करार होता. तेथे शिवणाचा आग्रह नव्हता, पैसे पाठवले की झाले, आणि पैशाचे माप चुकत नाही. पुढे 1896-97 च्या आणि 1900 च्या दुष्काळांत पंडिताबाईंनी मुली व स्त्रिया वाचवून केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या, तेव्हा आश्रमातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींना कपडे पुरवायचे तर मंगळवारी दुपारी जमणारे मंडळ कामाचे नव्हते. मुक्तिसदनात विणण्यापासून शिवण्यापर्यंतची कामे तिथल्याच मुली शिकल्या आणि त्यांनीच केली. त्यात चहा किती होता याची नोंद नाही, पण फार नसावा.

मुंबईच्या पारशी समाजाने 1928 साली सर रतन टाटा इन्स्टिट्यूटच्या रूपाने याच मार्गावर एक पाऊल टाकले. लेडी नवाजबाई टाटा व त्यांच्या सहकारी स्त्रियांनी गरजू पारशी स्त्रियांना शिवण, भरतकाम आणि पाककला यांतून मानाने कमाई करता यावी म्हणून ही संस्था उभी केली. तिचे भरतकाम नाजूक आणि उत्तम असते असे जाणकार सांगतात. मुंबईकर मात्र तिला मुख्यतः केक आणि धनसाकासाठी ओळखतात. यावरून शिवण आणि खाद्यपदार्थ एका छपराखाली ठेवल्यास दीर्घकाळात कोण जिंकते, याचा निर्णय होतो, आणि शिवणमंडळाच्या व्याख्येत चहाचा समावेश करण्याच्या पूर्वोक्त सूचनेलाही बळ मिळते.

युद्ध हा शिवणमंडळांचा सुगीचा काळ. 1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पत्नीने युद्धनिधीच्या महिला शाखेचे नेतृत्व केले, आणि सैनिकांसाठी कपडे जमवण्याच्या व शिवण्याच्या कामात शहरातील प्रतिष्ठित कुटुंबांतल्या अनेक स्त्रिया सामील झाल्या. गव्हर्नरच्या पत्नीसमोर शिवायला बसणे हा सामाजिक प्रतिष्ठेचा भाग असल्याने, ज्यांच्या घरी बटण लावायलाही शिंपी येई अशा काहीजणींनी त्या निमित्ताने सुईत दोरा ओवला असेल, असे समजायला हरकत नाही. पुढे स्वदेशीच्या व असहकाराच्या चळवळीने या सगळ्याला उलटे फिरवले. 1921 साली मुंबईत स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्त्री सभेत दादाभाई नौरोजींच्या नाती आघाडीवर होत्या. या सभेच्या स्त्रिया दारोदार जाऊन खादी विकत, खादीवर भरतकाम करीत, आणि हे काम दान नसून देशकार्य आहे असे मानीत. परंतु ज्या नेत्याच्या शब्दाखातर हजारो स्त्रियांनी सूत, कापड आणि सुई हाती धरली, त्या महात्मा गांधींनी त्याच वर्षी 22 सप्टेंबर रोजी मदुराईत सदरा-टोपीचा त्याग करून केवळ पंचा नेसण्यास सुरुवात केली. देशातल्या सर्वांत मोठ्या वस्त्रचळवळीच्या प्रणेत्याने शिवलेल्या कपड्याशी संबंधच तोडावा, याहून मोठी अडचण कोणत्याही शिवणमंडळापुढे आलेली नाही. त्यांना वाढदिवसाला झबले भेट देण्याची सोय राहिली नाही.

1962 च्या ऑक्टोबरात चीनने आक्रमण केल्यावर पुन्हा एकदा फ्लॅनेलच्या बंडीचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात आला, मात्र या वेळी थंडी खरी होती. हिमालयात लढणाऱ्या जवानांना गरम कपडे कमी पडत आहेत, हे कळताच देशभरच्या स्त्रियांनी लोकर आणि सुया काढल्या, आणि त्यांत मुंबई-कोकणपट्टीतील स्त्रियाही होत्या. ज्या हवेत सुती बनियनही घामाने अंगाला चिकटते तेथे मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन तासन्‌तास बसणे, ही त्यागाची एक स्वतंत्र कोटी आहे आणि तिची योग्य ती दखल घेतली गेलेली नाही. स्वेटर ही वस्तू समुद्रकाठच्या बहुतेकींनी पाहिलेली होती, पण जवानाच्या छातीचे माप घरातल्या कर्त्या पुरुषावरून काढले गेल्याने काही स्वेटरांना पोटाशी आवश्यकतेपेक्षा अधिक औदार्य लाभले असणे शक्य आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात शिवणमंडळ हळूहळू ‘महिला मंडळ’ या मोठ्या संस्थेत विलीन झाले, आणि महिला मंडळ कायद्याच्या कक्षेत आले. 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदणी, 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे पुन्हा नोंदणी, दरवर्षी हिशेबतपासणी, आणि कार्यकारिणीत कोणी गेले-आले की ‘बदल अर्ज’, असा हा क्रम असतो. इतिवृत्त, म्हणजे सभेत काय ठरले याची अधिकृत लेखी नोंद, ठेवणे बंधनकारक झाल्यापासून मंडळाच्या कामाचा तोल सरकला. पूर्वी चार तासांत आठ झबली होत. आता मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे आणि ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे यात संध्याकाळ होई, आणि झबल्याचा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब राही. याचा फायदा मात्र असा झाला की, नगरपालिकेच्या सभागृहात जेव्हा स्त्रियांना आरक्षण मिळाले तेव्हा ठराव मांडणे, अनुमोदन देणे आणि गणपूर्ती, म्हणजे सभा वैध ठरण्यास लागणारी किमान उपस्थिती, नसल्याचे नेमक्या वेळी दाखवून देणे, या कलांत महाराष्ट्रातील पुष्कळ स्त्रिया आधीच तरबेज होत्या. 1959 साली गिरगावात सात जणींनी उसन्या 80 रुपयांवर पापड लाटायला घेतले आणि देणगी स्वीकारायची नाही असे ठरवून ‘लिज्जत’ उभे केले, त्यांचाही नोंदणीचा फेरा टळला नाही. पण पापड वाळायला ऊन लागते, इतिवृत्त नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे.

आता मीरा-भाईंदरकडे वळता येईल. ठाणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, वसईच्या खाडीच्या दक्षिणेस वसलेले हे शहर मुळात भाईंदर, मिरे, नवघर, काशी, घोडबंदर, राई-मुर्धे आणि उत्तन-डोंगरी-पाली-चौकचा समुद्रकाठ अशा गावांचे आणि त्यांच्या मधल्या मिठागरांचे मिळून झाले. समुद्राकडचा धारावी बेटाचा पट्टा 1739 साली चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेपर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होता, आणि तेथील कोळी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांत चर्चच्या आधाराने स्त्रियांचे परोपकारी गट जुन्या काळापासून असणे स्वाभाविक मानता येईल. परंतु या किनाऱ्यावर सुई-दोऱ्याचा खरा व्यवहार पुरुषांकडे होता. उत्तनच्या बंदरावर बोट परत आली की मासळी विकायचे, वाळवायचे आणि पैसे मोजून घ्यायचे काम बायकांचे. फाटलेली जाळी मांडीवर घेऊन, डोके खाली घालून, गप्पा मारीत ती विणत-सांधत बसायचे काम पुरुषांचे. शिवणमंडळाची सर्व लक्षणे, गैरहजर सदस्याच्या चर्चेसह, या बैठकीत आढळतात. तिला परोपकारी म्हणता येत नाही इतकेच, आणि तेही बोंबलाच्या दृष्टीने पाहिल्यास.

1985 साली येथे नगरपालिका आणि 28 फेब्रुवारी 2002 रोजी महानगरपालिका झाली. 1991 च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 5 लाख 20 हजार आणि 2011 मध्ये 8 लाखांवर गेली. म्हणजे शहरातील बहुसंख्य लोक दुसरीकडून आलेले होते. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतून जी कुटुंबे येथे आली, त्यांना नव्या इमारतीत एक खोली अधिक मिळाली आणि गॅलरी मात्र गेली. चाळीची सामाईक गॅलरी हे बिनपैशाचे सभागृह असते; दार बंद करता येणाऱ्या ब्लॉकमध्ये मंडळ जमवायचे तर कोणाच्या तरी सोफ्यावर बसावे लागते, आणि सोफा असला की नाश्ता बाहेरून मागवावा लागतो. परिणामी मीरा-भाईंदरच्या शिवणमंडळाने वेगळी जागा शोधली, आणि ती पश्चिम रेल्वेने उपलब्ध करून दिली.

5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली या मार्गावर केवळ स्त्रियांसाठी पहिली ‘लेडीज स्पेशल’ लोकल धावली आणि वर्षभरात ती विरारपर्यंत गेली. भाईंदर स्थानक या वाटेवर येते. तासाभराहून अधिक चालणाऱ्या या प्रवासात, आणि साध्या लोकलच्या महिला डब्यांतही, मटार सोलणे, मेथी निवडणे, ब्लाउजचे हुक लावणे, क्रोशाने रुमाल विणणे अशी कामे वर्षानुवर्षे होत आली आहेत. संक्रांतीचे हळदीकुंकू आणि नवरात्रातल्या रंगांच्या साड्याही त्याच डब्यात होतात, आणि सुया, टिकल्या, चिमटे व चापे विकणाऱ्या स्त्रिया चालत्या दुकानासारख्या येत-जात असतात. डॉर्कस सोसायटीच्या मानाने येथे दोन बदल दिसतात. एक, उपस्थितीसाठी महिन्याचा पास लागतो. दोन, परोपकाराची व्याख्या अंधेरीला उतरणारीची जागा आधीच सांगून ठेवणे, इथपर्यंत विस्तारली आहे, आणि उभे राहून आलेल्या स्त्रीच्या लेखी कोणत्याही झबल्यापेक्षा हे दान मोठे असते.

शहरातील अधिकृत परोपकार मात्र महिला व बालकल्याण समितीच्या, म्हणजे महापालिका कायद्यानुसार स्त्रिया व मुलांच्या योजनांसाठी नेमल्या जाणाऱ्या नगरसेवकांच्या समितीच्या, मार्गाने चालतो. राज्यातल्या इतर महापालिकांप्रमाणे येथेही शिवणाचे प्रशिक्षण हा या योजनांचा कायमचा मुक्काम असून, प्रशिक्षणानंतर शिलाई मशीनचे वाटप हा त्याचा कळस असतो. सेवासदनाच्या वेळी निर्माण झालेल्या प्रश्नाचे, म्हणजे परोपकारी व्यक्तीने रिकाम्या हातांचे काय करायचे याचे, उत्तर या समारंभात मिळते. सुई लाभार्थी स्त्रीकडे गेलेली आहे, दोरा तिच्याकडे आहे, बॉबिन, शटल आणि पायडल ही तिच्याच ताब्यात आहेत. मान्यवरांकडे शिवणकामाच्या साधनांपैकी केवळ कात्री उरते, आणि ती लाल फितीवर चालवली जाते. फीत कापणे हे शिवणशास्त्रातील एकमेव असे कृत्य आहे की जे माप न घेता, खूण न करता केले तरी चुकत नाही. त्यानंतर एका मशीनमागे बारा जण उभे राहून छायाचित्र काढले जाते, ज्यात मशीन स्पष्ट दिसते आणि जिला ते मिळाले ती स्त्री तिसऱ्या रांगेत कोणाच्या तरी खांद्याआड असते. 2024 साली राज्य सरकारने ‘लाडकी बहीण’ योजनेतून दरमहा 1500 रुपये थेट बँकखात्यात जमा करण्यास सुरुवात केली, तेव्हा कार्यकर्त्यांना वाटलेली अस्वस्थता या दृष्टीने समजून घेतली पाहिजे: खात्याला फीत बांधता येत नाही.

शिलाई मशीनची लोकप्रियता एवढी आहे की, केंद्र सरकार प्रत्येक स्त्रीला ते फुकट देत असल्याची बातमी मोबाइलवरून वर्षानुवर्षे फिरत राहिली आणि ती खोटी असल्याचा खुलासा सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला करावा लागला. खुलासा झाल्यावर अर्जांच्या चौकशा थांबल्या, असे मानणाऱ्याने कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात अर्धा तास उभे राहून पाहावे. 2018 साली राज्यात प्लॅस्टिकबंदी झाली तेव्हा बचत गटांनी, म्हणजे ठरावीक रक्कम दरमहा जमवून आपसांत कर्ज देणाऱ्या स्त्रियांच्या गटांनी, कापडी पिशव्या शिवल्या. 2020 च्या टाळेबंदीत त्यांनीच लाखोंनी मुखपट्ट्या शिवल्या. नाकाच्या आकाराबाबत मतभेद असूनही मुखपट्टी हा शिवणमंडळांच्या दीर्घ इतिहासातील बहुधा सर्वांत जास्त वापरला गेलेला कपडा ठरला.

वाटप झालेल्या मशीनचे पुढे काय होते, या प्रश्नाचे उत्तर भाईंदर पूर्वेच्या कोणत्याही गल्लीत मिळते. तळमजल्यावरच्या खिडकीला एक पाटी असते आणि तीवर ‘फॉल-पिको, ब्लाउज, अल्टरेशन’ असे लिहिलेले असते. फॉल म्हणजे साडी नीट पडावी म्हणून तिच्या खालच्या काठाला आतून लावायची सुती पट्टी, आणि पिको म्हणजे पदराचे दोरे सुटू नयेत म्हणून कडेला मशीनने घालायची बारीक नागमोडी टीप. अल्टरेशन हा विषय स्वतंत्र ग्रंथाचा आहे. ही सेवा देणाऱ्या स्त्रीने मोजून चालवलेला व्यवसाय असतो, तिची वही असते, त्या वहीत मापांसमोर नावांऐवजी ‘बी विंग, उंच ताई’ अशा नोंदी असतात, आणि दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस ती कोणाचेही काम घेत नाही. समारंभात तिला मशीन देणाऱ्या मंडळाच्या पदाधिकारी पुढल्या वर्षीच्या समारंभासाठी घेतलेल्या एकसारख्या पैठण्या तिच्याचकडे फॉलसाठी टाकतात. अठरा साड्या एकदम असल्यामुळे दर कमी करावा, असे त्यांचे म्हणणे असते. मशीन आमच्याच हस्ते मिळाले होते, याची आठवणही बोलता बोलता निघते. ती स्त्री मान खाली घालून टीप घालत असते, दोरा दाताने तोडते, वहीत बघते आणि मॅडम, अर्जंट असेल तर साडीमागे तीस रुपये जास्त पडतील, असे सांगते.